एका टोपल्यातल्या भाकरी

ज्वारीच्या दिवसांत वर्ध्याच्या बाजारात आता हुरडा मिळतो, पण तो वर्धा जिल्ह्यातला नसतो. मागच्या आठवड्यात भाजीबाजाराच्या तोंडाशी एक हातगाडी उभी होती. कोवळी कणसं, शेगडी, वर्तमानपत्राच्या पुड्या. "कुठली ज्वारी?" मी विचारलं. गाडीवाला कणीस तळहातावर चोळत म्हणाला, "सोलापूरकडून येते बाई. इकडं कोन पेरते आता?" त्याच्या आवाजात खंत वगैरे काही नव्हती. एखाद्या रस्त्याची चौकशी केल्यावर माणूस दिशा सांगतो, तसं त्यानं सांगितलं. मी एक पुडी घेतली आणि घरी येऊन ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. दाणे गोड होते, धुराचा वासही बरोबर लागत होता. तरी शेवटचा घास मी पुडीतच गुंडाळून ठेवला.

मार्गशीर्ष लागला की मला हे असं दरवर्षी होतं. हवेत कोरडा गारवा येतो, सकाळी उन्हात उभं राहावंसं वाटतं, आणि मला धामणखेडा आठवतं. तिथल्या जुन्या बियाण्यांच्या केंद्रात मी सहा हिवाळे काढले. त्यांतला चौथा मी विसरू शकत नाही. बाकीचे पाच आता त्याच्या अंगाखाली दबून गेले आहेत.

आर्वीहून आष्टीकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडायची. तिथून गाव पायी अर्ध्या तासावर. त्या वाटेवर नव्वदीच्या मधल्या वर्षांत अजून ज्वारी उभी असायची. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर. वारा आला की वाळत चाललेली पानं एकमेकांवर घासायची आणि सबंध वावर कुणीतरी कागद चुरगळावा तसं वाजायचं. पण हे सलग नव्हतं. एक वावर ज्वारीचं, तर पुढची चार उघडी, काळी. तिथलं सोयाबीन दिवाळीआधीच निघून गेलेलं असायचं. ज्वारीला मात्र वेळ लागतो. शिवार मोकळं झाल्यावरही ती एकटीच उभी राहायची आणि साऱ्या तालुक्यातले पोपट तिच्यावर तुटून पडायचे. गुलाबराव नावाचे एक शेतकरी होते, आमच्या केंद्राशी पहिल्यापासून जोडलेले. मचाणावर बसून गोफण फिरवून त्यांचा खांदा दुखायचा. ते म्हणायचे, "पयले पाखरं सगळ्याईच्या वावरात थोडं थोडं खात. आता मी एकटाच चारून राह्यलो त्याईले. किती दिवस चारू, सांगा."

केंद्र म्हणजे गावाबाहेर, विहिरीजवळ, पत्र्याच्या दोन खोल्या. पुढे मोठा कडुलिंब. एका खोलीत बियाणं होतं. मातीच्या गाडग्यांत राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवलेलं, वर माझ्या अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या. जुन्या ज्वारीचे प्रकार, लाखोळी, चवळीसारखी बरबटी, जवस, गावरान कपाशी. दुसऱ्या खोलीत मी आणि कागद. हे सगळं उभं केलं होतं नानांनी. नाना वर्ध्याच्या एका शाळेत शेती शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर जमवाजमव करून इथे आले. डोक्याला लोकरीची टोपी, बुशशर्ट, आणि कॅरिअरला पिशवी बांधलेली सायकल. त्यांचं एक म्हणणं होतं, ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. बी गाडग्यात जगत नाही, ते माणसाच्या ताटात जगतं. लोक ज्वारी खाणं सोडतील तेव्हा ती पेरणंही सोडतील, मग आपण कितीही गाडगी भरली तरी व्यर्थ. म्हणून केंद्रात बियाण्यापेक्षा जेवण महत्त्वाचं. हिवाळ्यात दर शनिवारी, आपल्याच वावरातल्या धान्याचं, सगळ्यांनी मिळून.

मी आर्वीची. आमचं किराण्याचं दुकान आहे. बी. एस्सी. होऊन घरात बसले होते, नाना वडिलांच्या ओळखीचे, म्हणून पाठवलं. शनिवारी संध्याकाळी मी घरी परतले की आई म्हणायची, "डबा बाहेरच्या नळावर घास." मी घासायची. तिला कधी विचारलं नाही का, आणि तिनंही कधी सांगितलं नाही. आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पहिला हिवाळा लोक आपापली भाकर फडक्यात बांधून घेऊन आले आणि आपापल्या माणसांत बसून आपापलीच खाऊन गेले. कडुलिंबाखाली चार-पाच गोल बसलेले असायचे. बौद्ध मोहल्ल्यातली सात-आठ माणसं विहिरीच्या अंगाला बसत. कुणी त्यांना तिथे बसा म्हटलं नव्हतं. अनसूयाबाई थूल त्यांतल्याच.

अनसूयाबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, काटक, बोलताना समोरच्याकडे नीट पाहणाऱ्या. त्यांच्या सासऱ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि परत आल्यावर गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली होती. त्याचा राग गावानं पुढे बरीच वर्षं धरला. मजुरी देईनात, तेव्हा त्या घरानं दोन एकर पडीक जमिनीवर ज्वारी लावून दिवस काढले. ती ज्वारी अनसूयाबाईंकडे होती. एका बोंडात दोन दाणे येत, म्हणून त्या तिला जुळी म्हणायच्या. ती आसपासच्या कोणत्याच गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. नाना तिच्यापायी त्यांच्या घरी तीनदा गेले होते. शेवटी त्यांनी एक पायली बी आणून गाडग्यात ओतलं आणि म्हणाल्या, "ठेवा. पण हे उपाशी माणसाईनं राखलेलं बी हाय, इतकं लिहून ठेवजा." मी चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात नानांनी एक मोठं बांबूचं टोपलं आणलं. म्हणाले, येईल त्यानं आपल्या भाकरी यात टाकायच्या आणि जेवायला बसताना वरची येईल ती घ्यायची. पहिल्या शनिवारी लोक घुटमळले. मग गुलाबरावांनी टाकल्या, मग वच्छलाबाई म्हणून कुणब्यांच्या घरच्या एक होत्या त्यांनी टाकल्या, आणि मग भराभर टाकल्या गेल्या. मीही आईनं दिलेल्या दोन पोळ्या त्यात टाकल्या, तर लोक हसले. गोल मोडले. एक लांब रांग झाली. तुरीच्या सोल्यांची आमटी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, कापून टाकलेली, जवसाची चटणी, आणि टोपल्यातली भाकर. काही जाड, काही पातळ, काही काठाशी करपलेल्या. वच्छलाबाई एकदा भाकर मोडत म्हणाल्या, "ही कोनाची हो? लय मऊ झाली." मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या खाली पाहून जेवत होत्या.

ते दोन हिवाळे मी सुखात होते, हे लपवून काय करू. एका दुपारी जेवणं झाल्यावर बायका ज्वारी पाखडत उन्हात बसल्या होत्या. वच्छलाबाई अनसूयाबाईंना मुलीच्या सोयरिकीचं सांगत होत्या आणि कोंडा उडून दोघींच्या केसांवर बसत होता. मला वाटलं, होतंय. आपण करतोय ते होतंय. वर्ध्याला जाऊन मैत्रिणींना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आर्वीला घरी सांगितलं नाही.

चौथ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला अनसूयाबाई केंद्रात बी निवडायला आल्या होत्या. सूप मांडीवर. मी समोर चिठ्ठ्या लिहीत होते.

"ताई, एक विचारू का?"

"विचारा ना."

"टोपल्यातली भाकर लोकं खातेत. ते कोनाची हाय हे मालूम नाई म्हून खातेत, का मालूम असून खातेत?"

मी म्हटलं, "आता कुणी तसला विचार करत नाही, अनसूयाबाई."

त्यांनी सूप दोनदा झटकलं. खडा काढून बाजूला टाकला.

"मंग एक डाव मले एकटीले रांधू द्या. सारं माह्या हातचं. भाकर, भाजी, कण्या, सारं. अन् फळ्यावर माहं नाव लिहा."

केंद्राच्या दारात एक फळा होता. त्यावर मी पुढच्या शनिवारचं काय ते लिहायची. मी लगेच हो म्हटलं. नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "अजून एखादं वर्ष जाऊ दे. घाई केली की माणसं बिचकतात."

"मग तीन वर्षं आपण काय केलं, नाना?"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "लिही," म्हणाले.

मी लिहिलं. शनिवारचा स्वयंपाक: अनसूयाबाई थूल. मोठ्या अक्षरात, खाली रेघ ओढून. मला माझंच कौतुक वाटलं होतं, हेही आठवतं. आठ दिवस तो फळा तिथे होता. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो वाचत होता. मधेच नागपूरहून पत्र आलं. केंद्राला ज्यांची मदत होती, ती मंडळी पंगत पाहायला येणार होती. त्याच शनिवारी.

त्या दिवशी मी पहिल्या गाडीनं आले. तोवर चूल पेटलेली होती. अनसूयाबाई पहाटेच आल्या होत्या, निळ्या काठाचं नवं लुगडं नेसून. आंजीला दिलेली त्यांची लेक संगीता खास या कामासाठी आदल्या दिवशी आली होती. घरून दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, आणले होते, घासून चकचकीत केलेले. जुळी ज्वारीच्या कण्या शिजत होत्या, आंबाडीच्या भाजीचा आंबट वास विहिरीपर्यंत जात होता. बरबटीची उसळ झाली होती. संगीता भाकरीचं पीठ मळत होती आणि अनसूयाबाई थापत होत्या. पाण्याच्या हातानं, दोन्ही तळव्यांत फिरवत. साठ माणसांचा स्वयंपाक होता. "मीठ पाहा ताई," म्हणून त्यांनी माझ्या हातावर भाजी दिली. मीठ बरोबर होतं. मी तसं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

लोक आले. सगळे आले, नेहमीपेक्षा जास्तच. पण येऊन कडुलिंबाखाली उभे राहिले. मी रांगेत ताटं मांडली आणि बसा म्हटलं. बौद्ध मोहल्ल्यातली माणसं बसली. आठ जण. बाकी कुणी हललं नाही.

गुलाबराव जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "आज शनिवार हाय ना ताई. मारुतीचा उपास धरला मी."

तीन हिवाळे ते शनिवारीच आमच्याकडे जेवत होते.

वच्छलाबाई म्हणाल्या, "माह्या पोटात सकाळपासून कसंतरी करून राह्यलं. तुमी बसा, मी पानी पेतो." पाणी त्यांनी घरून आणलं होतं. त्यांच्या काखेत फडक्यात बांधलेल्या भाकरीही होत्या. नीट पाहिलं तर पुष्कळ बायकांच्या काखेत तशी गाठोडी होती. फळा वाचूनही त्या घरून भाकरी घेऊन आल्या होत्या. कुणी वाईट बोललं नाही. कुणी तोंड वाकडं केलं नाही. सगळे अवेळी आलेल्या पावसाबद्दल, तुरीवरच्या अळीबद्दल बोलत होते. ताटांची रांग उन्हात चमकत होती आणि चुलीशी अनसूयाबाई भाकरी थापत होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

तेवढ्यात फाट्याच्या रस्त्यावर जीपची धूळ दिसली.

नानांनी मला खोलीमागे बोलावलं. "कुंदा, फळा पूस."

"नाना..."

"पूस. आणि बायकांना सांग, भाकरी टोपल्यात टाका. आजची पंगत नेहमीसारखी सगळ्यांची आहे असं म्हण. पाहुण्यांनी ही रिकामी रांग पाहिली तर केंद्र आजच संपलं. केंद्र संपलं तर तिचं बी कुठे ठेवशील? सांग मला."

आजही त्याचं उत्तर मला येत नाही. मी दारापाशी गेले आणि पदराच्या टोकानं फळा पुसला. खडूचं अक्षर पुरतं जात नव्हतं, म्हणून पदर विहिरीच्या बादलीत भिजवून पुन्हा पुसला. मग टोपलं घेऊन कडुलिंबाखाली गेले आणि म्हटलं, "आज सगळ्यांचंच आहे. टाका भाकरी." फडकी सुटली. भाकरी टोपल्यात पडू लागल्या. चुलीपाशी रचलेल्या भाकरी मीच उचलून आणल्या आणि त्यांत मिसळल्या. अनसूयाबाईंनी मान वर केली नाही. त्या बसल्या होत्या तिथून फळा समोर दिसत होता.

आणि लोक बसले. सगळे. गुलाबराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "मारुती समजून घेईल. उपास उद्या धरतो." वच्छलाबाईंनी कण्या दोनदा मागून घेतल्या.

मी पुढे पुष्कळ वर्षं यावर विचार केला. भाजी कुणाची होती हे सगळ्यांना माहीत होतं. उसळ कुणी केली, कण्या कुणी शिजवल्या, समोर दिसत होतं. तरी ते जेवले आणि आवडीनं जेवले. म्हणजे हातचं खायला त्यांची हरकत नव्हती. त्या हाताला नाव असण्याला हरकत होती. नाव पुसलं की घास सुखानं उतरत होता. आमचं टोपलं दोन वर्षं हेच काम करत आलं होतं, आणि मी त्याला माणसं जवळ आली असं म्हणत होते.

पाहुणे खूश झाले. एकानं फोटो काढला. रांगेत बसलेली साठ माणसं, मागे कडुलिंब. एक बाई मला म्हणाल्या, "किती सुंदर काम आहे तुमचं." संगीता चुलीपाशी उभी राहिली होती. ती त्या रांगेकडे पाहत होती. मग खाली वाकून म्हणाली, "माय, ऊठ. चाल घरी."

"तव्यावर भाकर हाय," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्यांनी शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत भाकरी केल्या. मग पीठ झाडलं, हात धुतले, चूल विझवली. मी जवळ गेले.

"जेवले का सारे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं."

गंज डोक्यावर घेऊन मायलेकी निघून गेल्या. त्या दोघी जेवल्या नव्हत्या, हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. हळूहळू त्यांच्या मोहल्ल्यातलं कुणीच येईना. पंगत चालूच राहिली. टोपल्यात भाकरी पडत राहिल्या, पण आता त्या सगळ्या एकाच प्रकारच्या घरांतल्या होत्या आणि कोणती कुणाची हे लपवण्याची गरज उरली नव्हती. पंधरा-वीस दिवसांनी मी अनसूयाबाईंच्या घरी गेले. अंगणात उभी राहिले. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, मी प्यायले. त्यांना निंदणाला जायचं होतं. मी फळ्याचं काही बोलले नाही. बोलायचं ठरवूनच गेले होते.

"येत्या पावसाळ्यात जुळी पेरणार ना?" एवढंच विचारलं.

"नाई पेरत," त्या म्हणाल्या. "आता कोनासाठी पेरू?"

केंद्राच्या गाडग्यात त्यांचं पायलीभर बी होतं. आम्ही ते पुढच्या पावसाळ्यात गुलाबरावांच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, लावलं. उगवलं कमी, आणि जे उगवलं ते पोपटांनी नेलं. त्याच्या पुढच्या वर्षी गुलाबरावांनीही सोयाबीन पेरलं आणि मचाण मोडून सरपणाला वापरलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा खांदा पार गेला होता. गाडग्यांतल्या बियाण्याला टोके, म्हणजे किडे, लागले. राख बदलायला, पाला बदलायला माणूस उरला नाही. मला वर्ध्याला शाळेत नोकरी लागली आणि मी निघून आले. केंद्र त्यानंतर एक हिवाळा चाललं म्हणतात. आता त्या खोल्यांत कुणीतरी खताची पोती ठेवतं. शेवटी गेले तेव्हा दारात फळा तेवढा होता, त्यावर ट्रॅक्टरवाल्याचा फोन नंबर लिहिलेला.

नाना वर्ध्याला त्यांच्या मुलाकडे होते. अर्धांग झाल्यानं बोलणं जड झालं होतं. मी भेटायला जायची. भिंतीवर तो फोटो लावलेला होता, साठ माणसांचा. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि तुटक तुटक विचारलं, "कुंदा, आपण केंद्र वाचवलं ना?"

केंद्र बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यांना ते सांगितलेलं होतं, पण राहिलं नसावं. मी म्हटलं, "हो नाना. वाचवलं." त्यांनी डोळे मिटले. त्या बोलण्यात मी कुणाला फसवलं, त्यांना की मला, ते मला समजलं नाही.

अनसूयाबाई मला त्या अंगणातल्या भेटीनंतर एकदाच भेटल्या. आर्वीच्या डेपोत. मी माहेरून वर्ध्याला निघाले होते आणि त्या बाकावर बसल्या होत्या, पायाशी पिशवी. केस पांढरे झाले होते. मी पुढे जाऊन ओळख दिली, तर म्हणाल्या, "ओळखलं ना ताई. बसा." गाव सोडून त्या आता आंजीला संगीताकडे राहत होत्या. आमची गाडी एकच होती. शेजारी शेजारी बसलो. खिडकीबाहेर काळी उघडी वावरं जात होती, मैलोगणती.

खरांगणा गेल्यावर मी बोलले. सात वर्षं न बोललेलं एका दमात बोलले. फळा मी पुसला, नानांनी सांगितलं तरी हात माझा होता, मी घाबरले, सगळं अन्न वाया गेलं असतं. असंच काहीतरी. त्या ऐकत होत्या. गाडीच्या दांड्याला धरलेला त्यांचा हात मला दिसत होता.

"तुमी पुसलं नसतं तर सारं सांडलं असतं," त्या म्हणाल्या. "खरं हाय ते. साठ मानसाचं रांधलेलं. गाईढोराईले घालावं लागलं असतं."

त्यांनी पायाशी सरकलेली पिशवी जवळ ओढली.

"पन मंग ते माहं सांडलं असतं ना, ताई. माह्या नावानं सांडलं असतं. मले दिसलं असतं, लोकाईले दिसलं असतं, त्या पाव्हन्याईले दिसलं असतं. तुमी ते कोनालेच दिसू देल्लं नाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कुठेतरी जागा मिळाली असती.

"बी आहे का थोडंफार?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. दुसरं काही सुचलं नाही.

"कुठचं बी. राशनचे गहू खातो आमी. लेकराईले भाकर आवडत नाई."

गाडी आंजीला थांबली. त्या उठल्या, पिशवी घेतली. खाली उतरण्याआधी वळून म्हणाल्या, "चालता का? संगीताचं घर इथंच हाय, स्टँडामागं. जेवून जाजो."

सहा हिवाळे मी त्या गावात पंगती मांडत होते. त्यांच्या घरी मी कधीही जेवले नव्हते. अंगणाच्या पुढे गेले नव्हते. हे त्या क्षणी, गाडीच्या दारात त्या उभ्या असताना, मला पहिल्यांदा कळलं. आणि संगीताचा चुलीपाशी उभा असलेला चेहरा समोर आला.

"आज नको," मी म्हटलं. "उशीर होईल. पुढच्या खेपेला नक्की येते."

त्यांनी मान हलवली. "येजो," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. त्या चालत गेल्या ती बाजू माझ्या खिडकीची नव्हती.

आई थकली आहे, म्हणून मला आता महिन्या-दोन महिन्यांनी आर्वीला जावं लागतं. गाडी जाताना आणि येताना आंजीला थांबते. कधी दोन मिनिटं, कधी पाच. कंडक्टर खाली उतरून चहा घेतो. मी माझ्या जागेवर बसून राहते. अनसूयाबाई अजून तिथे राहतात की नाही, हे मी कुणाला विचारलेलं नाही.